विनाइल फुगतंय, रेघा उमटतायत, माळा कुरकुरतोय: खालचं लाकूड कसं तपासायचं

आधी लक्षणं बघू. दुखणं ओळखलं की निम्मी तपासणी वाचते.

विनाइलवर, म्हणजे जमिनीवर लावायच्या प्लॅस्टिकच्या चटईवर, एक सरळ रेघ उमटलेली असते आणि तिच्यापासून चार किंवा आठ फुटांवर दुसरी. प्लायची शीट आठ बाय चारची येते, त्यामुळे हे अंतर जुळलं की खालचा सांधा वर आलाय असं समजा. एका ओळीत, ठरावीक अंतरावर बारीक उंचवटे लागत असतील तर ती खिळ्यांची नाहीतर स्क्रूंची डोकी. तेच उंचवटे वाटेल तिथे विखुरलेले असतील तर न झाडताच गोंद ओढला गेलाय, भुशाचे आणि सिमेंटचे कण खाली राहिलेत.

फुगे दोन जातीचे. बसवल्यावर दोन-चार दिवसांतच आलेले फुगे घाईचे: गोंदातलं सॉल्व्हंट उडायच्या आत वरून विनाइल दाबलं, त्याची वाफ आतच कोंडली. काही महिन्यांनी, त्यातही पावसाळ्यात आलेले फुगे ओलीचे. कडा सुटणं आणि दोन पट्ट्यांमध्ये फट पडणं हे बहुतेक वेळा हालचालीचं लक्षण. पाय टाकल्यावर कर्र वाजतं तेही हालचालीचंच. पिवळे, तपकिरी डाग खालून वर येतात, आणि कुबट वास येत असेल तर दुसरं काही न बघता आधी पाणी शोधा.

गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "भाऊ, चटईच खराब निघाली, बदलून द्या." माल खराब निघतोही, पण क्वचित. विनाइल म्हणजे ओल्या अंगाला चिकटलेला सदरा, आत आहे ते सगळं बाहेर दाखवणार. दीड-दोन मिलिमीटर जाडीत ते काय लपवणार? नवी चटई त्याच लाकडावर लावली तर पुढच्या पावसाळ्यात तीच रेघ त्याच जागी येते.

आपल्या मराठवाड्यात हे काम मुख्यतः तीन ठिकाणी निघतं. मोंढ्यातल्या (धान्यबाजारातल्या), लातूरच्या गंजगोलाईतल्या दुकानांचे लोखंडी चॅनल टाकून केलेले पोटमाळे. लातूर, नांदेड, संभाजीनगरातल्या अभ्यासिका, जिथे एका हॉलचे दोन मजले करायचे म्हणून प्लायचा माळा टाकतात. आणि जुन्या वाड्यांच्या माड्या, सागवानी फळ्यांच्या. माळवदाच्या, म्हणजे वाड्याच्या मातीच्या सपाट छताच्या, मातीवर थेट विनाइल लावायचा विचार असेल तर सोडून द्या. माती ओल धरते, भुगा सोडते, गोंद तिथे बसतच नाही. हा लेख फळ्या किंवा प्लाय असलेल्या जमिनीपुरता.

बॅटरी आणि तळपाय

ही तपासणी फुकटची. रात्री दिवे बंद करा, मोबाइलची बॅटरी (टॉर्च) लावून जमिनीवर आडवी ठेवा, उजेड भिंतीच्या दिशेने जाऊ द्या. दिवसा सपाट वाटणाऱ्या जमिनीवर प्रत्येक उंचवट्याची सावली लांब पडते. जिथे सावली दिसेल तिथे खडूने गोल करा. मग चप्पल काढून तळपायाने सगळी खोली फिरा. डोळ्यांना जे कळत नाही ते टाचेला कळतं. मऊ लागतं तिथे फुली, आवाज येतो तिथे रेघ. या खुणा पुढे प्रत्येक पायरीला लागतात. त्या न करता काम सुरू केलं की माणूस एकच कोपरा दोनदा घासतो आणि दुसरा राहून जातो.

खडूच वापरा, किंवा पेन्सिल. मार्कर आणि बॉलपेन नको. विनाइल मऊ राहावं म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर घातलेलं असतं, ते शाई ओढून घेतं, आणि काही महिन्यांनी सुताराने प्लायवर टाकलेला "३ उजवा" विनाइलच्या वर वाचता येतो. तो डाग कशानेच जात नाही, पुसून नाही, थिनरने तर नाहीच. वाड्यांत वाळवीसाठी लाकडाला डांबर फासलेलं असतं, त्याचंही असंच. रबराच्या पायपुसणीचा पिवळा डाग मात्र वरून पडतो, त्यात लाकडाचा काही दोष नाही.

पाणी कुठून येतंय

दुसरी तपासणीही फुकटच, फक्त वाकून बघावं लागतं. आमच्याकडे पहिला संशयित कुलर. मार्च ते जून तो खिडकीला लागतो, त्याची टाकी भरताना पाणी सांडतं, फ्लोट अडकला की ओघळ भिंतीवरून खाली येतो, आणि विनाइलच्या कडेखाली शिरलेलं पाणी वर उडून जात नाही, कारण विनाइल वाफ वर जाऊ देत नाही. खोलीत फक्त खिडकीजवळचा एक-दीड फूट फुगलाय का? मग बाकीची जमीन उकरू नका, कुलरखाली ट्रे ठेवा आणि तेवढाच भाग उघडा.

दुसरा संशयित साठवणीचं पाणी. नळ आठवड्यातून एकदा येणाऱ्या गावात माळ्यावर ड्रम असतोच. ड्रम उचलून त्याच्या बुडाखालची जागा बघा. तिथे काळं गोल वर्तुळ असेल तर ओल रोज आहे. या ड्रमाचं वजन हा वेगळा विषय, तो शेवटी घेतो.

त्यानंतर बाथरूमचा उंबरा, वरचे पत्रे, आणि खालच्या मजल्यावरचा स्वयंपाक. खाली हॉटेलची भट्टी किंवा चहाचं दुकान असेल तर वाफ दिवसभर प्लायच्या पोटाला लागत असते. वरून कितीही चांगलं काम करा, खालून ओल येतच राहणार. अशा ठिकाणी आधी खालच्या बाजूला वाफ बाहेर काढायचा पंखा, मग विनाइलची बात.

महिना कोणता आहे

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण आमच्या भागात परत परत येणाऱ्या तक्रारींचं मूळ बहुतेकदा इथे सापडतं आणि याकडे कोणी बघत नाही.

लाकूड हवेतली आर्द्रता घेतं आणि सोडतं. हवेत तीस टक्के आर्द्रता असेल तर लाकडातली ओल हळूहळू सहा टक्क्यांच्या आसपास येऊन थांबते. पन्नास टक्के असेल तर नऊ, ऐंशी असेल तर सोळा. आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी हवा तीस टक्क्यांच्याही खाली जाते आणि ऑगस्टच्या झडीत ऐंशीच्या वर. वर्षभरात लाकूड किती आकसतं आणि फुगतं ते यावरून धरा. सागवान यात सगळ्यात शहाणं, तरी त्याचीही आठ इंच रुंदीची फळी या फरकात दोन-तीन मिलिमीटर कमीजास्त होते. हलक्या लाकडाची तर गोष्टच सोडा. प्लायमध्ये थर आडवे-उभे चिकटवलेले असतात म्हणून तो लांबी-रुंदीत फारसा हलत नाही, पण कडेतून पाणी प्यायला की जाडीत फुगतो.

आता होतं काय, की दुकानदाराला लग्नसराई संपल्यावर मे-जूनमध्ये वेळ मिळतो. तेव्हा फळ्यांमधल्या फटी सगळ्यात रुंद असतात. मिस्त्री त्या पुट्टीने ठासून भरतो. काम देखणं दिसतं. पोळ्यापर्यंत फळ्या फुगतात, फटीतल्या पुट्टीला जायला जागा नसते, ती वर उचलते, आणि विनाइलवर रेघ. याउलट ऑगस्टमध्ये फुगलेल्या, ओल्या फळ्यांवर चिकटवलं तर पुढच्या उन्हाळ्यात फळ्या आकसतात, सांधे ताणले जातात, कडा सुटतात.

म्हणून दिवाळीनंतर ते शिवरात्रीपर्यंत हे काम करा. तेव्हा लाकूड मधल्या अवस्थेत असतं. ते शक्य नसेल तर पिनवाला मॉइश्चर मीटर, म्हणजे लाकडातली ओल मोजायचं यंत्र, विकत घ्या किंवा कोणाकडून मागून आणा. खोलीत चार-सहा ठिकाणी टोचा, कुलरच्या कोपऱ्यात आणि बाथरूमच्या उंबऱ्यापाशी नक्की, आणि जमलं तर खालच्या बाजूनेही. बारा टक्क्यांच्या आत असेल तर पुढे जा. वरून नऊ आणि खालून सोळा असं दाखवत असेल तर ओल खालून आहे, आधीच्या पायरीवर परत जा. प्लाय आणि विनाइलचे रोल दोन दिवस त्याच खोलीत ठेवा, टेम्पोतून उतरवून थेट लावू नका. उन्हात तापलेला रोल लांबलेला असतो, रात्री तो आखडतो.

कुरकुर आणि स्क्रू

खर्च स्क्रूच्या एका डबीचा. खडूच्या रेघा जिथे आहेत तिथे एकाने पाय द्या, दुसऱ्याने खालून बघा. फळी तुळईवरून उचलते का? गुळगुळीत खिळा लाकडात घर्षणावर टिकतो, लाकूड आकसलं की तो ढिला होतो आणि फळी त्याच्यावर वरखाली सरकते. तोच कर्र. खिळा पुन्हा ठोकून काही महिन्यांपुरतं गप्प करता येतं. कायमचं करायचं तर स्क्रू, कारण त्याची आटी लाकूड पकडून ठेवते. एक इंची फळीला अडीच इंची स्क्रू, म्हणजे तुळईत दीड इंच जातो. जुनं सागवान दगडासारखं असतं, आधी बारीक ड्रिल मारल्याशिवाय स्क्रू घालू नका, डोकं तुटून आत राहील. ड्रिल मारण्याआधी खालून वायरिंग कुठून गेलंय ते बघा. वाड्यांत केसिंग (वायर झाकणारी पट्टी) तुळईच्या कडेने गेलेलं असतं.

लोखंडी चॅनलवरच्या पोटमाळ्याला सेल्फ ड्रिलिंग स्क्रू लागतात. तिथे प्लाय नुसता गोंदाने चिकटवलेला किंवा टोकांनाच कसलेला सापडतो. मधला भाग चॅनलवर आपटत राहतो. अभ्यासिकेत हे फार जाणवतं: पन्नास पोरं चूप बसलेली, एक जण पाणी प्यायला उठतो आणि सगळे माना वर करतात. प्रत्येक चॅनलवर सहा-आठ इंचाला एक स्क्रू घाला.

डोकं पृष्ठभागाच्या केसभर खाली गेलं पाहिजे. बोट फिरवून बघा. फार खोल घातला तर प्लायचा वरचा थर फाटतो आणि पकड जाते.

सपाटी

गवंड्याची सहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी आणा. ती सगळ्या दिशांनी फिरवा, तिरपीसुद्धा. फट मोजायला गेज नको, सुताराकडून एक मिलिमीटरच्या सनमायकाचे तीन तुकडे घ्या. तीनही तुकडे एकावर एक ठेवून पट्टीखाली सरकले तर तिथे तीन मिलिमीटरचा खड्डा आहे. सहा फुटांत तीन मिलिमीटर ही मर्यादा धरा, चिकटवायचं विनाइल असो की एकमेकांत अडकवायच्या क्लिकवाल्या विनाइल फळ्या. क्लिकवाल्यांना तर ती जास्तच कडक पाळा: खड्ड्यावर पाय पडला की लॉक वाकतो आणि काही दिवसांत तुटतो. मग दोन फळ्या सुटल्या म्हणून अख्खी रांग काढा.

उंच भाग रंध्याने किंवा सँडरने उतरवा. आधी खिळे आत दाबा, नाहीतर रंध्याचं पातं गेलंच. आणि एक महत्त्वाचं: जुना ऑइलपेंट असेल तर तो कोरडा घासू नका, जुन्या रंगांत शिसं असतं. जुन्या कडक विनाइल टाइल्स आणि त्याखालचा काळा गोंद असेल तर हातच लावू नका. त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि घासला की तो हवेत उडतो. त्यावरून पातळ प्लाय टाकून झाकणं हा स्वस्त आणि सुरक्षित मार्ग आहे.

पुट्टी कोणती

वॉल पुट्टी नको. पीओपीही नको. दोन्ही भिंतीच्या वस्तू आहेत, भिंतीवर कोणी चालत नाही. चालण्याच्या दाबाने त्यांचा भुगा होतो, गोंद त्या भुग्याला चिकटतो आणि भुगा लाकडाला सोडतो. भुसा आणि पांढरा फेव्हिकॉल कालवून भरायची सुतारांची पद्धत बारीक भोकांना चालते, लांब सांध्यात ती सुकताना आखडते. प्लायच्या सांध्यांना आणि स्क्रूच्या खळग्यांना दोन भागांची इपॉक्सी पुट्टी घ्या, उथळ खड्ड्यांना फ्लोअरसाठीचं पॉलिमर सिमेंटचं पॅचिंग. पूर्ण वाळल्यावर घासा, घाई केली तर वरून कडक आणि आतून ओलं राहतं.

जुन्या फळ्यांमधल्या फटी मात्र भरूच नका. कारण वर सांगितलंच आहे. तिथे पुढचा उपाय.

वरून प्लाय

हा इथवरचा सगळ्यात महाग उपाय, पण फळ्यांच्या माडीवर याला पर्याय नाही. जुन्या प्लायच्या माळ्यावर सहा मिलिमीटर पुरतो. रुंद फळ्यांवर मी बारा लावतो, कारण फळी जराशी वाकली तरी पातळ प्लाय तिच्याबरोबर वाकतो. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड स्वस्त म्हणून कोणी सुचवेल, ऐकू नका. एकदा पाणी लागलं की त्यांच्या कडा फुगतात आणि वाळल्यावरही खाली बसत नाहीत. आयएस ३०३ या भारतीय मानकाचा बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यात टिकणारा) प्लाय घ्या. पाण्याजवळ आयएस ७१० चा मरीन. शिक्का बघा आणि शीट उभी करून बोटाच्या पेराने वाजवत जा. आवाज मध्येच पोकळ झाला तर आत थर तुटलेला आहे. त्याच पोकळीवर पुढे खुर्चीचा पाय रुततो.

नव्या शीटचे सांधे खालच्या सांध्यांवर येऊ देऊ नका, आणि चार शीटचे कोपरे एका ठिकाणी मिळू देऊ नका. वीट रचताना सांधे चुकवतो तसंच. दोन शीटमध्ये एका सनमायकाच्या तुकड्याएवढी फट, भिंतीपाशी पाव इंच. स्क्रू कडेने चार इंचावर, मध्ये सहा इंचावर. मधून सुरू करून कडेकडे जा, कडा आधी कसल्या तर मध्ये फुगवटा कोंडतो. हे सहा इंच ऐकून सुतार हसतात. एका शीटला शंभरावर स्क्रू लागतात, त्यांची मजुरी वेगळी ठरवून घ्या, म्हणजे कंजुषी होत नाही.

मग झाडू, मग व्हॅक्यूम, मग ओल्या नव्हे, जेमतेम दमट फडक्याने पुसणं. सिंथेटिक रबरचा गोंद असेल तर दोन्ही बाजूंना लावून बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबा. उन्हाळ्यात तो भराभर सुकतो, म्हणून हातात मावेल तेवढाच भाग घ्या. त्याची वाफ पेट घेते. खिडक्या उघड्या ठेवा, उदबत्ती, बिडी, खालची शेगडी सगळं बंद. दुकानदार सकाळी सवयीने दिवा लावतो, त्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

इथे हात थांबवा

पुढच्या गोष्टी फ्लोअरिंगवाल्याच्या नाहीत आणि सुताराच्याही नाहीत.

तुळईचं टोक भिंतीत जातं तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. सहज आत गेला तर लाकूड कुजलंय. फळी किंवा तुळईवर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या, वाजवल्यावर लाकूड पोकळ बोललं, तर वाळवी आहे. वरून औषध फवारून ती फळीतून तुळईत जाते एवढंच. परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाला बोलवा, आणि वाळवीने किती तुळया पोखरल्यात ते त्याने सांगितल्यावर स्ट्रक्चरल इंजिनिअर.

दोन माणसं चालली की अख्खा माळा झुलतो, किंवा मधोमध पोट आलंय, तर तो सपाटीचा प्रश्न नाही, भाराचा आहे. घरगुती खोलीसाठी आयएस ८७५ या इमारतींच्या भाराच्या मानकात चौरस मीटरला साधारण दोनशे किलोचा हिशोब धरतात. दोनशे लिटरचा भरलेला ड्रम म्हणजे दोनशे किलो, तोही पाव चौरस मीटरवर. असे तीन ड्रम एका ओळीत, किंवा अभ्यासिकेतली पुस्तकांची कपाटं एका भिंतीला, आणि चॅनल कोणत्या मापाचा टाकलाय हे कोणालाच माहीत नाही. पॅचिंगने खड्डा भराल तर वजन आणखी वाढेल. आधी ड्रम खाली उतरवा, मग इंजिनिअरला फोन.

दगड-मातीच्या भिंतीला पोट आलं असेल किंवा तुळईखालून तिरपी भेग गेली असेल तर त्या माडीवर सामान तर नाहीच, माणसंही चढवू नका. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात किल्लारीत आणि आसपासच्या गावांत जाड दगड-मातीच्या भिंती कशा कोसळल्या ते लातूर-धाराशिवच्या माणसाला वेगळं सांगायला नको. भिंत दुरुस्त झाल्याशिवाय जमिनीचं काम घेऊ नका, गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी.

आणि पावसाळा सरल्यावर मीटर एक-दोन महिन्यांच्या अंतराने दोनदा लावूनही बाराच्या वरच राहत असेल, कुलर, ड्रम, पत्रे सगळं तपासून झालं असेल, तर भिंतीतल्या पाइपची गळती असू शकते. प्लंबर. तोवर जमीन उघडी ठेवायची नसेल तर विनाइल न चिकटवता नुसतं अंथरा, कडांना ॲल्युमिनियमची पट्टी लावू नका, आणि आठवड्यातून एकदा कोपरा उचलून खाली हात लावून बघा.